इंजिन उतरविताना

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या वार्षिकात कथा, कविता, प्रवासवर्णने येतात. परीक्षेच्या दिवसांतील गमतीजमती येतात. इंजिनावरचा लेख सहसा येत नाही. त्यामुळे हा लेख दुसऱ्या एखाद्या अंकासाठी लिहिलेला, चुकून इकडे आला, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात एका जुन्या जीपचे इंजिन आम्ही घरच्या माणसांनी उतरविले. सुट्टी संपवून आल्यावर मैत्रिणींना ते सांगू लागले, तेव्हा प्रत्येकीने एकच प्रश्न विचारला, "एवढं जड धूड उचललं कसं?" ह्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येईल. उचलणे हा त्या कामातला सर्वांत लहान भाग आहे. मोठा भाग त्याच्या आधीचा असतो आणि त्याविषयी कोणी विचारीत नाही, म्हणून हा लेख.

आमचे गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. वरच्या वाड्यांचा रस्ता पावसाळ्यात असा होतो की, चारही चाकांना जोर मिळणारी गाडीच तिथे तग धरते. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी जीप घेतली ती ह्याच कारणाने. गाडी एमएम ५४०, १९९४ सालची. सकाळी दुधाचे कॅन, मग खताची पोती, कधी कोणाचे वऱ्हाड, कधी बाळंतीण, आणि सुट्टी संपली की एस.टी. स्टँडपर्यंत मी, असे तिचे काम. अलीकडे दोन वर्षे ती तेल पिऊ लागली होती. सायलेन्सरमधून निळा धूर येई, चढावर दम लागे, आणि थंडीत सकाळी सेल्फ कितीही मारला तरी ती घुरघुरण्यापलीकडे जात नसे. तात्यांनी त्यावर आपला उपाय काढला होता. रात्री गाडी नेहमी घरामागच्या उतारावर लावायची आणि सकाळी ढकलून, गिअरमध्ये टाकून सुरू करायची. ह्या उपायाने दोन हिवाळे निघाले.

दुखणे काय होते, ते समजण्यासाठी थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. सिलिंडरात शिरलेली हवा पिस्टन वर येताना इतकी दाबली जाते की तीच अतिशय तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याने ही कल्पना मांडली, आणि १८९७ साली त्याचे इंजिन आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. म्हणजे डिझेल इंजिनाचे सारे बळ त्या दाबात आहे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजली की दाबलेली हवा बाजूने निसटते. हवा निसटली की ती पुरेशी तापत नाही, आणि थंडीच्या सकाळी तर मुळीच नाही. उलट खालचे तेल त्याच फटीतून वर चढते आणि जळते. तोच निळा धूर. ह्यावर औषध एकच. इंजिन खाली घ्यायचे, उघडायचे आणि नव्याने बांधायचे.

ह्या इंजिनाची कुळकथा मला नंतर कळली, पण इथेच सांगते. जीप मूळची अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातली. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप मुंबईत जोडण्यास आरंभ केला, आणि पुढे ती पुरतीच आपल्याकडची झाली. एमएम ५४० ही १९८० च्या दशकातली. तिचे डिझेल इंजिन मात्र फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने केलेले. त्याचे नाव एक्सडीपी ४.९०. हा आकडा काय म्हणून मी पुष्कळ दिवस विचार करीत होते. तर ४ म्हणजे चार सिलिंडर, आणि ९० म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनचा प्रवास ८३ मिलिमीटर. दहावीच्या गणितातल्या वृत्तचितीच्या सूत्रात हे आकडे घालून चारने गुणले तर २११२ घन सेंटिमीटर येतात, आणि गाडीच्या कागदावरही २११२ हाच आकडा आहे. दहावीनंतर ते सूत्र पुन्हा उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते.

आता काम घरी का केले, ते. तालुक्याच्या गावी गॅरेज आहेत. पण बंद गाडी तिथवर ओढून न्यायची, इंजिन उतरविण्याची मजुरी निराळी द्यायची, आणि नंबर लागेपर्यंत गाडी उघड्यावर ठेवायची, हे तात्यांना परवडणारे नव्हते. आमच्या शेजारच्या वाडीत एक मिस्त्री आहेत. एस.टी.च्या डेपोत त्यांची सारी नोकरी गेली. आता निवृत्त आहेत. हात अजून पक्का, पण गुडघे गेल्यामुळे गाडीखाली निजणे त्यांना जमत नाही. ते म्हणाले, "इंजिन माझ्या ओट्यावर आणून टाका. बांधून द्यायचं माझ्याकडं लागलं. काढायचं तुमचं तुम्ही बघा." एक दिवस येऊन त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, काठीने एकेक जागा दाखवीत काय कशानंतर सोडायचे ते सांगितले, चहा घेतला आणि गेले. ते बोलत होते तसे मी वहीत उतरून घेतले. वही अर्थशास्त्राची होती. मागची पाने कोरी होती.

कामाला आम्ही तिघे. तात्या, माझा चुलतभाऊ आणि मी. सामान घरातले आणि मागून आणलेले : पान्यांचा एक संच, रिंगपाने, गोट्यांची पेटी आणि तिचा लांब दांडा, दोन जॅक, पहार, पक्कड, ओंडके आणि जुना टायर. शिवाय बोअरमधली मोटार वर काढणाऱ्यांची तीन लोखंडी पाइपांची तिपाई व एक टनाची चेन कप्पी भाड्याने.

पहिली गोष्ट मिस्त्रींनी बजावून सांगितली होती ती अशी की, इंजिन नुसते काढायचे नसते, ते परत बसवायचे असते. जो फक्त काढण्याचा विचार करतो त्याचे काम एका दिवसात होते आणि मग बसविताना त्याला आठ दिवस लागतात. इंजिन गाडीला किती ठिकाणी बांधलेले असते, हे वरून बघून कळत नाही. पाण्याच्या नळ्या, डिझेलच्या नळ्या, विजेच्या तारा, ॲक्सिलरेटरची आणि इंजिन बंद करण्याची अशा दोन ओढतारा, सायलेन्सरचा पाइप, क्लचचा दांडा, पुढची दोन फाउंडेशन आणि मागे गिअर बॉक्सला जोडणारे बोल्ट. ह्यातले प्रत्येक सोडताना ते कुठे होते, कोणत्या बाजूने होते, त्याखाली वाशर होता की नाही, हे कुठेतरी राहिले पाहिजे.

माझी व्यवस्था अशी. प्रत्येक जागेला क्रमांक द्यायचा, वहीत त्या क्रमांकापुढे वर्णन लिहायचे आणि लहानसे चित्र काढायचे, सुटलेले नटबोल्ट औषधाच्या दुकानातल्या कागदी पाकिटांत घालून वर क्रमांक टाकायचा. तात्यांची व्यवस्था निराळी. ते भाग सुटला की त्याचे नटबोल्ट लगेच परत त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवीत. "जिथला नट तिथंच. पाकीट हरवतंय, भोक हरवत नाही." मला हे जरा अडाणीपणाचे वाटले, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तो पाकिटांवरचे निम्मे आकडे गेलेले. मी बॉलपेनने लिहिले होते, आणि बोल्टांना लागलेले डिझेल कागदात झिरपून शाई पसरली होती. निळे डाग राहिले. तेव्हापासून मी पेन्सिल घेतली. शिशाच्या रेघेला डिझेल काही करीत नाही. ज्या पाकिटांवरचे आकडे गेले होते, त्यांतले बोल्ट कुठले ते तात्यांनी हातात घेऊन, लांबी पाहून, एकेक ओळखले. चार मात्र आम्हांला भोकांत लावून पाहावे लागले.

सुरुवात बॅटरीपासून करायची. आधी ऋण टोक, म्हणजे अर्थची तार, मग दुसरे. उलट केले आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. मग पाणी आणि तेल काढायचे. तेल जुन्या डब्यांत भरून ठेवले. ते ओढ्याकडे जाऊ द्यायचे नाही, कारण खालच्या आळीचे लोक तेच पाणी वापरतात. तात्या ते कुंपणाच्या लाकडी खांबांना लावतात, वाळवी येत नाही. गाडी सपाट जागेवर आणून चाकांच्या पुढेमागे दगड लावले. हँडब्रेकवर विसंबायचे नाही.

मग बॉनेट. ते दोघांनी धरून उतरविले आणि गोठ्याच्या भिंतीला टेकविले. जीपमध्ये पुढची जाळी, तिच्यातले दिवे आणि मागचा रेडिएटर हे सगळे बाहेर काढता येते, आणि इथेच ह्या जुन्या गाड्यांचा मोठेपणा आहे. जाळी निघाली की इंजिनासमोर मोकळे आकाश. पुढे आडवा येणारा पत्रा नसल्यामुळे इंजिन छपराएवढे उंच उचलावे लागत नाही. वीतभर उचलले तरी पुरते. शहरातल्या नव्या मोटारींत हे सुख नसते, असे मिस्त्री म्हणाले.

तारांचे आणि नळ्यांचे काम कंटाळवाणे आहे, त्याविषयी फार लिहीत नाही. एक सांगते. डिझेलची नळी सुटली की तिचे तोंड ताबडतोब स्वच्छ फडक्याने बांधायचे. डिझेल पंप आणि नोझल ह्यांच्या आतली भोके इतकी बारीक असतात की धुळीचा एक कण सबंध इंजिनाच्या दुरुस्तीवर पाणी पाडू शकतो. आईने जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे करून उकळून वाळवून दिले होते. इंजिनाला एवढे सोवळे असते हे पाहून तिला मौज वाटली.

सायलेन्सरच्या पाइपाचे नट मात्र हटवादी निघाले. तीस वर्षांची उष्णता आणि गंज. तात्यांनी त्यांवर रात्री रॉकेल आणि तेल सोडून ठेवले, सकाळी पुन्हा, दुपारी हातोडीने हलकेच टिचक्या मारल्या. इथे जोर करणारा फसतो. बोल्ट मुळातून तुटतो आणि मग तो छिद्र पाडून काढावा लागतो. दोन नट सुटले. तिसरा चुलतभावाच्या हातात तुटला. तात्या काही बोलले नाहीत, ते त्याला फार लागले असावे, कारण त्यानंतर तासभर तो गाडीखालून बाहेर आला नाही.

आता ह्या गाडीची खास गोष्ट. साध्या गाडीत इंजिनामागे गिअर बॉक्स असतो आणि त्यातून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो. जीपमध्ये गिअर बॉक्सच्या मागे आणखी एक पेटी जोडलेली असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. इंजिनाचा जोर ती दोन वाटांनी पाठविते. एक शाफ्ट मागे, आणि लहान दांडा ओढला की दुसरा शाफ्ट पुढच्या चाकांकडे. गिअर बॉक्स, ही पेटी आणि दोन शाफ्ट असे हे सगळे इंजिनासकट काढायचे म्हटले तर वजन आणि लांबी दोन्ही वाढतात. म्हणून मिस्त्रींचा सल्ला असा की, गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर केस गाडीतच राहू द्यायचे आणि इंजिन तेवढे त्यांच्यापासून पुढे सरकवून सोडवायचे. पण त्यात एक मेख आहे. इंजिन पुढच्या बाजूला दोन रबरी फाउंडेशनांवर बसते. मागचा आधार मात्र त्याचा स्वतःचा नसतो. तो गिअर बॉक्सखाली असतो. दोघे मिळून एकच वस्तू असल्याप्रमाणे तीन ठिकाणी टेकलेले असतात. इंजिन काढले की गिअर बॉक्सचे तोंड खाली लोंबते. म्हणून आधीच चासीवर आडवी पहार टाकून साखळीने ते तोंड टांगून ठेवायचे. जॅक लावून चालत नाही, कारण पुढे गाडीच हलवायची असते.

गाडीच हलवायची, हे ऐकून मीही चमकले होते. कारखान्यात चाकांची क्रेन असते. इंजिन तिला टांगतात आणि क्रेन ओढून नेतात. आमची तिपाई जागची हलत नाही. तेव्हा इंजिन अधांतरी टांगून ठेवायचे आणि त्याखालून गाडी मागे ढकलायची! तिपाईचे दोन पाय गाडीच्या दोन बाजूंना आणि तिसरा समोर असला की गाडीला मागे जायला वाट मोकळी राहते. पायांखाली खड्डे घेतले आणि तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधले. तिपाईचे पाय जितके फाकतील तितका बाहेर रेटणारा जोर वाढतो, आणि एक पाय घसरला तर सगळे कोसळते. अंगण सारवलेले असल्याने घसरण्याची भीती जास्तच होती. गल्लीतली पोरे जमली होती, त्यांना आजीने ओसरीवर बसवून ठेवले. शेजारच्या एक काकू मला म्हणाल्या, "तू कशाला त्यात, कपडे घाण होत्यात." कपडे केव्हाचेच घाण झाले होते.

टांगायचे कुठून, हाही विचार करावा लागतो. इंजिनाचा मागचा भाग जड, कारण तिथे फ्लायव्हील आणि क्लच असतो. मधोमध हूक अडकविला तर पुढचे तोंड वर जाते. आम्ही साखळी इंजिनाच्या पुढच्या आणि मागच्या कड्यांना बांधून हूक मध्यापासून किंचित मागे घेतला. नायलॉनचा दोर वापरायचा नाही. तो ताणतो, आणि धारदार कडेवर कापला जातो. असल्या इंजिनाचे वजन दोनशे किलोच्या आसपास, म्हणजे पन्नास किलोची चार पोती. चेन कप्पीने ते एकट्या मुलीला उचलता येते, हे मी करून पाहिले. हातभर साखळी ओढावी तेव्हा वजन बोटाच्या पेराएवढे वर येते. हातांना वजन लागत नाही, कारण ते आपण साखळीच्या लांबीने फेडीत असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे सुटले. मी वही काढून एकेक क्रमांक वाचला, तात्यांनी एकेक जागेला हात लावून "हाय" म्हटले. गिअर बॉक्सला जोडणारे जितके बोल्ट वहीत होते तितके निघालेले होते. फाउंडेशनचे नट काढले. तात्यांनी साखळी ओढायला घेतली, साखळी ताठ झाली, इंजिन बोटभर उचलले. मग चुलतभाऊ आणि मी गाडी पुढून मागे रेटू लागलो. इंजिन आणि गिअर बॉक्स ह्यांमध्ये फट पडली पाहिजे. फट पडली, खालच्या बाजूला. वर नाही. पुन्हा रेटले. खालची फट करंगळी जाईल एवढी झाली, वरची मिटलेलीच. तात्यांना वाटले इंजिन तिरपे टांगले आहे, म्हणून त्यांनी आणखी साखळी ओढली. तेव्हा जीपचे नाक वर येऊ लागले. पुढच्या स्प्रिंगा सैल पडताना करकरल्या, आणि तिपाईच्या समोरच्या पायाने मातीत किंचित सरकल्याचा आवाज केला.

"थांबा, तात्या!" मी ओरडले. त्यांनी साखळी सोडली आणि गाडी पुन्हा चाकांवर बसली. आमच्यापैकी कोणी इंजिनाखाली नव्हते. हे आमच्या शहाणपणामुळे नव्हे, तर मिस्त्रींनी आदल्या दिवशी तात्यांकडून देवाची शपथ घेवविली होती म्हणून.

तात्या म्हणाले, "कुठंतरी धरलंय." मी म्हटले, वहीत आहे ते सगळे सुटले आहे. ते म्हणाले, "वहीत नसंल ते?" ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी वही तीनदा वाचली होती. गाडी एकदाच वाचली होती. वहीत जे होते ते सारे मी पाहिले होते म्हणून होते. जे मला दिसलेच नाही ते वहीत कसे येणार, आणि वहीने ते मला कसे सांगावे? उलट यादी पुरी झाली, एवढ्यावरून मी काम पुरे झाल्याचे तात्यांना छातीठोकपणे सांगितले होते, आणि माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी साखळी ओढली होती. साखळी आणखी दोन हात ओढली असती तर गिअर बॉक्सच्या पेटीचा कान तुटला असता, किंवा तिपाई आली असती. तात्यांनी मला बोलायला हवे होते. ते फक्त म्हणाले, "फट कुठं पडत नाही? वर. म्हंजी वर बघ."

वर म्हणजे इंजिनाच्या पाठीमागे, जिथे डोके जात नाही आणि उजेडही पोहोचत नाही अशी जागा. आईचा कुंकवाचा आरसा आणला. चुलतभावाने बॅटरी धरली, मी आरसा आत घालून तिरपा केला. तीस वर्षांचे तेल आणि कोयनेकाठची तांबडी माती ह्यांचा एक गोळा तिथे बसला होता. तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, तेव्हा आतून बोल्टाचे डोके निघाले. लांब दांड्यावर गोटी लावून तो सोडवायला अर्धा तास लागला. मग मी आरशाने सबंध कडा पुन्हा पाहिली, हाताने चाचपली, आणि मगच बोलले.

ह्या खेपेला तात्यांनी साखळी केवळ वजन तोलण्यापुरती घेतली. इथे एक काळजी घ्यायची असते. गिअर बॉक्समधून एक दांडा पुढे आलेला असतो आणि तो क्लच प्लेटच्या मधून जाऊन फ्लायव्हीलच्या बेअरिंगमध्ये टेकतो. इंजिन त्या दांड्यावर लोंबू दिले तर क्लच प्लेट वाकते. म्हणून फट सगळीकडून सारखी राहील असे बघत, एकाने कप्पी, एकाने पहार, एकाने चाक, असे अंगुळ अंगुळ गाडी मागे घ्यायची. फट आता वरखाली सारखी वाढू लागली. दोन बोटे, चार बोटे. मग एकदम दांडा सुटला, इंजिन जागच्या जागी किंचित झुलले, आणि गाडी हलकी होऊन आमच्या हातांखालून मागे गेली. तात्यांनी इंजिन हळूहळू जुन्या टायरवर उतरविले. टायर अशासाठी की खालची तेलाची तबकडी पत्र्याची असते, जमिनीवर टेकली तर दबते. रात्री त्यावर ताडपत्री टाकली. तात्या दोनदा उठून बघून आले.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून इंजिन मिस्त्रींच्या ओट्यावर गेले. ते उघडताना मी होते. तिसऱ्या सिलिंडरातली वरची रिंग तुटून तिचे दोन तुकडे झाले होते. लायनरच्या वरच्या टोकाला जिथवर रिंग पोहोचत नाही तिथे कंगोरा राहिला होता. खाली सगळे झिजले होते. मिस्त्रींनी माझे नख त्यावरून फिरवायला लावले. नख अडकले. "एवढ्यानं थंडीत चालू होत नव्हती," ते म्हणाले. बोल्टाची हकिकत ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, "वहीत घातलास का तो?" घातला होता. सर्वांत शेवटचा क्रमांक त्याचाच आहे.

लायनर, पिस्टन, रिंगा नव्या आल्या. शाफ्ट घासायला कराडला गेला. ह्या साऱ्यात डिसेंबर संपला. तोवर दूध दुसऱ्याच्या गाडीने जात होते आणि त्याचे भाडे जात होते. जानेवारीत इंजिन परत बसविले, तेव्हा मी दोन दिवसांची रजा काढून गेले होते. वही शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचायची, म्हणजे बसविण्याचा क्रम मिळतो. बसविताना क्लच प्लेट बरोबर मध्यावर असावी लागते, नाही तर गिअर बॉक्सचा दांडा आत शिरत नाही. त्यासाठी गावच्या सुतारांनी बाभळीचा एक दांडा घडवून दिला. तो घालून प्लेट मध्यावर धरली, प्रेशर प्लेट आवळली आणि मग तो काढून घेतला. तरीही इंजिन आणि गिअर बॉक्स ह्यांची भेट घडवायला सबंध दुपार गेली. वरचा तो बोल्ट मी स्वतः बसविला, आरशात बघून, आणि बाजूची माती आधी पुसून.

डिझेलच्या नळ्यांतली हवा काढल्यावर तात्यांनी सेल्फ मारला. पहिल्या खेपेला नुसतीच फिरली. दुसऱ्या खेपेला लागली. धूर आला तो काळा, मग पांढरा, मग दिसेनासा. त्या रात्री तात्यांनी गाडी अंगणातच, सपाटीला लावली, आणि सकाळी सहाला मी अंथरुणातूनच तिचा आवाज ऐकला.

नवे बांधलेले इंजिन आरंभी फार पळवायचे नसते, ओझेही बेताने घालायचे. पहिले तेल पाचशे किलोमीटरला बदलायचे, असे मिस्त्रींनी सांगितले आहे. हा लेख लिहीत असताना चारशे तीस झाले आहेत.